हृदयाच्या चाचण्या आणि आपला हक्क

आपल्या वस्त्यांतला माणूस पुष्कळदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर नव्हे, तर त्याच्या कितीतरी आधी, चाचणीचे पैसे भरायच्या खिडकीशीच हरतो. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी शासनाची योजना असते, शेजारीही वर्गणी काढतात. परंतु ‘काही निघेल की नाही’ अशा तपासणीसाठी उसने मागताना तो ओशाळतो आणि छातीतली कळ पित्ताची समजून कामावर जातो.

गेल्या वर्षी मी याच खिडकीशी उभा होतो. जिने चढताना छाती आवळून येई. मी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. तास झाले तर मानधन, सुटीत काही नाही. घरातल्या पहिल्या पदवीधराच्या मागे शेत नसते, दागिना नसतो. एका खासगी रुग्णालयात तीन चाचण्या एकदम लिहून मिळाल्या. कोणती कशासाठी, हे कुणी सांगितले नाही. गंभीर काही निघाले नाही; पण महिन्याचे निम्मे मानधन गेले.

ईसीजी म्हणजे हृदयातील विजेचा त्या काही क्षणांपुरता आलेख. तो चांगला आला म्हणून रक्तवाहिन्या मोकळ्याच आहेत, असे ठरत नाही. टूडी एको ध्वनिलहरींनी झडपा आणि स्नायूंचे आकुंचन दाखवतो. ट्रेडमिलवर साधारणतः दर तीन मिनिटांनी वेग व चढ वाढवून श्रमात हृदयाला रक्त कमी पडते काय, ते पाहतात. अँजिओग्राफीत मनगटातून वा जांघेतून नळी घालून, रंगद्रव्य सोडून अडथळा पाहतात. छातीत कळ चालू असेल तर मात्र ट्रेडमिलची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तेथे ईसीजी आणि रक्तातील ट्रोपोनिन पाहिले जाते. एरवी डॉक्टरांना न भिता विचारावे : या चाचणीच्या निकालाने माझा उपचार बदलणार आहे काय? आधी कोणती करू?

आता पैशाचा प्रश्न. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा भर दाखल रुग्णाच्या ठरावीक उपचारांवर आहे. नुसत्या शंकेपोटी केलेली चाचणी बहुधा खिशावरच पडते. म्हणून पहिली पायरी सरकारी रुग्णालयाची ठेवावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली त्याची योजनाच घालून दिली. निर्धन रुग्णाला दाखल करताना अनामत मागता येत नाही. शिधापत्रिका वा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. आजारपणात कचेरीचे खेटे घालणे जमत नाही. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने मर्यादा घातली. औषधी लेप असलेल्या स्टेंटसाठी ती तेव्हा २९,६०० रुपये होती. तेव्हापासून ती वेळोवेळी बदलते. म्हणून बिलात स्टेंटचा आकडा वेगळा मागून घ्यावा.

ही कुणाची मेहेरबानी नव्हे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्यविम्याचा आराखडा करण्याचे काम प्रा. अडारकरांकडे सोपवले गेले. त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला. आजारपणाचा भार एकट्या कामगाराने वाहू नये, हा त्यामागचा विचार. त्या विम्यात दाखल न होता केलेली तपासणीही येते. आज कंत्राटी सफाई कामगाराच्या पगारातून विम्याची वर्गणी कापली जाते आणि त्याच्या हाती कार्ड नसते, तेव्हा त्याचे हृदय तपासण्याआधी ठेकेदाराची वही तपासावी लागते.

कार्यकर्त्यांनी रक्तदान शिबिरे जरूर भरवावीत. पण प्रत्येक वस्तीत निदान दोन तरुण असे हवेत, ज्यांना चाचणीचा कागद वाचता येतो, दाखल्याचा अर्ज भरता येतो आणि रुग्णालयाच्या टेबलासमोर न दबता बोलता येते. शिकलेल्यांनी शिक्षणाचे हे देणे फेडायचे आहे.