दाजी, चांदीत शिसं घालता का?

विट्यात माझी रक्त-लघवी तपासायची छोटी लॅब आहे. जत्रेला गलाईवाले गावी येतात, येताना दुखणीही घेऊन येतात. खानापूर-आटपाडीचा, पलीकडे साताऱ्यातल्या माण-खटावचा माणूस सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलाय. त्यातलेच एक दाजी, मुक्काम तमिळनाडू. पोटात कळा, संडास साफ नाही, सोनोग्राफी मात्र स्वच्छ. लघवीच्या रिपोर्टात कोप्रोपॉर्फिरिन वाढलेलं. भाच्यानं मोबाईलवर वाचून घरात जाहीर करून टाकलं होतं, मामांना पॉर्फिरिया झालाय.

रक्ताला लाली देणारं हीम शरीर ८ पायऱ्यांनी बनवतं. पॉर्फिरिनं म्हणजे त्या वाटेवरचा अर्धाकच्चा माल. पुढं कुठं अडलं की तो तुंबतो आणि लघवीत उतरतो. त्यातलं कोप्रोपॉर्फिरिन तर फारच हलक्या कानाचं. दारू, लिव्हरचा आजार, काही औषधं, एवढ्यावरही वाढतं. पोटात कळा आणणाऱ्या आनुवंशिक पॉर्फिरियाचा झटका आला, की पॉर्फोबिलिनोजेन, म्हणजे पीबीजी, कित्येक पटींनी चढतं. दुखणं चालू असतानाच ते नॉर्मल आलं, तर ती शंका जवळपास मिटते.

म्हणून नवा नमुना घेतला. बाटली काळ्या कागदात गुंडाळली, कारण उजेडात हे पदार्थ नासतात. पूर्वी एक बाटली मीच खिडकीत विसरले होते, तो नमुना फेकावा लागला. सोबत क्रिएटिनिनही मोजायला सांगितलं, नाहीतर तांब्याभर पाणी पिऊन आलेल्याचे आकडे उगाच कमी दिसतात.

पीबीजी नॉर्मल. त्याच्या आधीच्या पायरीवरचं एएलए मात्र भरपूर. शिसं नेमकं या दोहोंमधलं एन्झाइम बंद पाडतं, शिवाय पुढंही अडथळा आणतं.

"दाजी, चांदी गाळताना शिसं घालता का?"

"घालावंच लागतं. त्याबिगर मळ कसा निघंल?"

पश्चिम महाराष्ट्रातले बॅटरी कामगार, चांदीचे कारागीर आणि रंगाचा फवारा मारणारे यांच्या रक्तात शिसं वाढल्याचा अभ्यास केव्हाच छापून आलाय. गलाईच्या गाळ्यापर्यंत तो पोचलेला मला तरी दिसला नाही.

खरी तपासणी रक्तातल्या शिशाची. डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम भरलं तरी ते कुठून येतं ते शोधा, असं जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते. दाजींचं ६२ आलं.

"मग पॉर्फिरिया न्हाई ना?" भाचा हरखला.

"नाही. भट्टीवर आणखी कोण असतं?"

"पोरगा," दाजी म्हणाले. "ऱ्हातो, जेवतो, झोपतो तिथंच."

मी दुसरा फॉर्म काढला आणि पोराचं नाव विचारलं.