खिशातला सेल सांभाळा

आपल्या धार-देवासकडे रब्बीत रात्री गव्हाला पाणी द्यायचे, तर हाती प्रखर टॉर्च हवीच. तिच्यात बहुधा १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब लिथियम सेल असतो. २०१९ साली देशात बंदी आलेल्या ई-सिगारेटमध्येही तो वापरत. जुन्या लॅपटॉपचे सुटे सेल किल्ल्यांसोबत खिशात टाकणारे विद्यार्थी मी पाहतो, तेव्हा धास्तावतो. किल्लीने दोन टोके जुळली की सेल तापतो, पेटही घेतो. सुटा सेल प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवा. चेपलेला, वेष्टन फाटलेला सेल टाळा. प्रखर टॉर्चला जास्त प्रवाह झेपणारा सेल लागतो. किती अँपिअर, ते विचारून घ्या. ‘९९०० एमएएच’ छापलेला तर नकोच. या आकारात एवढी क्षमता मावतच नाही. स्वस्तात मिळाला म्हणून घेतलेला सेल हात भाजून गेला, तर तो महागच म्हणायचा!