इंजिन बदललं, सेल्फ फिरतोय, पण गाडी सुरू होईना? आधी पंपाचा आवाज ऐका!

जुन्या कार्ब्युरेटरच्या जिप्सीत एमपीएफआय इंजिन बसवलं. वायरिंग झालं, बॅटरी जोडली, सेल्फही जोरात फिरतोय. पण गाडी काही पेट घेत नाही. अशा वेळी गॅरेजमध्ये हमखास एक सल्ला मिळतो, 'पंप डायरेक्ट करून टाका.' हा सल्ला ऐकण्याआधी थोडं थांबा.

मुळात फरक काय?

कार्ब्युरेटरच्या जिप्सीत पेट्रोल पंप इंजिनवरच असतो आणि कॅमशाफ्टच्या धक्क्याने चालतो. त्याला वायर लागत नाही, दाबही अगदी कमी लागतो. इंजेक्शनच्या इंजिनला मात्र साधारण अडीच ते तीन बार दाब हवा असतो. त्यासाठी इलेक्ट्रिक पंप लागतो आणि त्याचा कारभार ईसीयूकडे असतो.

किल्ली ऑन केली की ईसीयू पंपाला दोन-तीन सेकंद चालवून थांबवतो. टाकीजवळ कान लावला तर बारीक घुंईऽ असा आवाज येतो. पुढे सेल्फ मारल्यावर इंजिन फिरत असल्याचा सेन्सरचा संकेत मिळाला, तरच पंप चालू राहतो. त्यामुळे नुसती किल्ली ऑन ठेवून 'पंप बंद पडतोय' म्हणणाऱ्यांचा पंप बहुतेक वेळा ठणठणीत असतो.

आवाजच येत नसेल तर?

आधी फ्यूज, मग रिले. रिलेच्या ३० नंबरवर बॅटरीचा करंट येतो आणि ८७ वरून तो पंपाकडे जातो. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. पाच पिनांच्या रिलेत ८७ए नावाची आणखी एक पिन असते. पंपाची वायर चुकून तिथे गेली, तर किल्ली बंद असताना पंप चालतो आणि तो चालायला हवा तेव्हा नेमका थांबतो!

मल्टिमीटरने पंपाच्या प्लगवर १२ व्होल्ट दाखवले म्हणून निर्धास्त होऊ नका. गंजलेली किंवा एकाच तारेवर टिकलेली वायरही लोड नसताना पूर्ण व्होल्टेज दाखवते. पंप जोडलेला ठेवून मोजा. बॅटरीपेक्षा एखादा व्होल्ट कमी भरला, तर वायर, जोड किंवा अर्थिंग कच्चं आहे. इंजिन उतरवताना सोडलेली अर्थची पट्टी परत लावायची राहणं, ही तर नेहमीची चूक. ईसीयूचं अर्थिंगही बघा.

आवाज येतो, पण सेल्फ मारताच सगळं गप्प?

वायरिंग बदललेल्या गाडीत हा घोळ सगळ्यात जास्त डोकं खातो. किल्लीच्या स्विचवरच्या काही वायरींचा करंट सेल्फ मारताना तुटतो, रेडिओ बंद होतो तो यामुळेच. ईसीयूचा इग्निशन करंट अशा वायरीवरून घेतला, तर ऐन वेळी ईसीयूच झोपतो. काही वेळा किल्ली सोडताना गाडी एखादा ठोका देते, ही त्याचीच खूण. ऑन आणि स्टार्ट या दोन्ही स्थितींत करंट देणारी वायर शोधा.

ही वायर बरोबर असूनही पंप थांबत असेल, तर संशय सेन्सरवर. पंप चालतोय पण दाब नाही, असं असेल तर जुन्या टाकीतला गंज जाळीत अडकलाय का ते पाहा. बाहेर बसवलेला पंप टाकीपेक्षा उंच असेल, तर त्याला पेट्रोल ओढणं जड जातं.

मग 'डायरेक्ट' का नको?

अपघातात इंजिन थांबलं की ईसीयू पंप तोडतो. डायरेक्ट केलेला पंप चालूच राहतो आणि लाइन फुटली असेल, तर तापलेल्या इंजिनवर दाबाने पेट्रोल फवारतो. तपासणीपुरता रिलेच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ जोडून, फ्यूज ठेवून, काही सेकंद पंप चालवून बघा आणि जोड लगेच काढा. ठिणगी उडू शकते, म्हणून हे टाकीजवळ उघड्या वायरींनी करू नका.

आणि हो, इंजिन नंबर आरसीवर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे असा बदल आरटीओला विचारल्याशिवाय करता येत नाही. गाडी गॅरेजबाहेर काढण्याआधी तेवढं बघून घ्या.