गडबडीत दिलेली परवानगी

सोसायटीच्या गेटवर पाहुणे खोळंबलेत, हातात भाजीची पिशवी आहे, आणि पाहुण्यांची नोंद करणारं नवं अ‍ॅप विचारतंय: तुमचे कॉन्टॅक्ट्स वापरू द्याल? अशा वेळी अंगठा 'अलाउ'वर पडतो. माझाही पडला होता. गेट उघडायला माझ्या मावशीचा नंबर कशाला लागतो, हा प्रश्न रात्री सुचला. नंबरांची ती यादी माझी एकट्याची नव्हती. तिच्यातल्या कुणालाही मी विचारलं नव्हतं.

म्हणून ही निवड निवांत वेळी, एका बैठकीत करून टाकावी. आधी फोनची रचना समजून घेऊ. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला वेगळ्या खोलीत ठेवतं. एका अ‍ॅपला दुसऱ्याच्या खोलीत डोकावता येत नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन, कॉन्टॅक्ट्स यांच्या किल्ल्या तुमच्याकडे असतात. २०१५ पर्यंत अ‍ॅप घेतानाच सगळ्या किल्ल्या एकदम द्याव्या लागत. त्या वर्षी आलेल्या अँड्रॉइड ६ पासून त्या एकेक करून देता येतात, आणि २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून 'फक्त या वेळेपुरती' असंही सांगता येतं. सेटिंग्जमध्ये 'परमिशन मॅनेजर' शोधा. कॉन्टॅक्ट्सवर टिचकी मारली की ती किल्ली कोणाकोणाकडे आहे, याची यादी उघडते. तिथूनच सुरुवात करा.

मात्र सरसकट सगळ्या किल्ल्या काढून घेऊ नका. यूपीआय अ‍ॅप एसएमएसची परवानगी मागतं त्याला खरं कारण आहे. नोंदणीच्या वेळी ते तुमच्या सिमवरून एक मेसेज पाठवतं. तो ज्या नंबरवरून पोचतो, त्यावरून हे सिम याच फोनमध्ये आहे याची खात्री पटते. दोन सिम असतील तर कोणतं वापरायचं हे विचारलं जातं ते यासाठीच. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला मात्र तुमचे कॉन्टॅक्ट्स बघण्याचं कारण नाही. वसुलीसाठी नातेवाइकांना फोन करून छळल्याच्या तक्रारी झाल्या, आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या डिजिटल कर्जविषयक नियमांनी अशा अ‍ॅपना कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फाइल्स यांना हात लावायला मनाई केली. तरीही कुणी मागितलं तर ते अ‍ॅप काढून टाका.

एक परवानगी मात्र साधं अँड्रॉइड आपल्याला विचारतच नाही: इंटरनेटची. ती अ‍ॅपला आपसूक मिळते. कीबोर्डच्या बाबतीत मला हे सर्वांत गंभीर वाटतं, कारण आपण टाइप करतो ते सगळं त्याच्या हाताखालून जातं. पर्याय शोधायचा तर एफ-ड्रॉइड हे अ‍ॅपचं भांडार २०१० पासून चालू आहे. तिथे सोर्स कोड खुला असलेलीच अ‍ॅप असतात, आणि एखादं अ‍ॅप मागोवा घेत असेल तर तशी सूचना त्याच्या पानावरच लिहिलेली असते. मराठी लिहिता येणारा, खुल्या कोडचा 'इंडिक कीबोर्ड' आहे. नकाशासाठी 'ऑरगॅनिक मॅप्स' आहे. ते नेटशिवाय चालतं, पण ट्रॅफिक दाखवत नाही. आपल्याकडच्या गावातली सगळी दुकानंही त्यात सापडत नाहीत.

याच्याही पुढची पायरी म्हणजे फोनची मूळ यंत्रणाच बदलणं. लिनेजओएस अनेक कंपन्यांच्या जुन्या फोनवर चालतं. पण बहुतेक फोनवर त्यासाठी बूटलोडरचं, म्हणजे फोन लावताच यंत्रणा सुरू करणाऱ्या भागाचं, कुलूप उघडंच ठेवावं लागतं, आणि ती सुरक्षेतली फट आहे. ग्राफीनओएस फक्त गुगलच्या पिक्सेल फोनवर बसतं, कारण नवी यंत्रणा घातल्यावर त्या फोनला पुन्हा कुलूप लावता येतं. त्यात इंटरनेटचीही किल्ली तुमच्या हातात येते, आणि गुगल प्ले हवं असेल तर ते इतर अ‍ॅपसारखंच आपल्या खोलीत राहतं, त्याला खास अधिकार मिळत नाहीत. माझ्या मते आज यापेक्षा चांगला पर्याय नाही.

अडचण येते ती बँकेकडून. यंत्रणेला गुगलची मान्यता आहे का, हे काही बँकांची अ‍ॅप गुगलच्याच सेवेकडून तपासून घेतात. मान्यता नसेल तर यंत्रणा कितीही भक्कम असो, अ‍ॅप उघडत नाही. मी असा फोन वापरत असताना एका बँकेचं अ‍ॅप कित्येक महिने चाललं आणि एका अपडेटनंतर बंद पडलं, नेमकं मुलीची फी भरायच्या शेवटच्या दिवशी. ब्राउझरमधून नेटबँकिंग चाललं म्हणून निभावलं. ग्राहकाने सुरक्षित यंत्रणा निवडली म्हणून बँकेने दार बंद करावं, हे मला अन्यायाचं वाटतं.

त्यामुळे घरातला एकुलता एक फोन यासाठी घेऊ नका. बँकेशी जोडलेलं सिम आणि यूपीआय नेहमीच्या फोनवर ठेवा, त्यात इतर अ‍ॅप कमीत कमी असू द्या. रोजचं वाचन, पत्रव्यवहार, फोटो दुसऱ्या फोनवर न्या. त्याला हॉटस्पॉटवरून नेट मिळतं. आणि बूटलोडर उघडताच फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, तेव्हा फोटो आणि नंबर दुसरीकडे उतरवून, ते तिथे उघडतात हे पाहून मगच कामाला लागा.