नदीचं मूळ, ऋषीचं कूळ आणि जुनं स्टिअरिंग

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. पण जुन्या गाडीच्या स्टिअरिंगचं मूळ मात्र जरूर शोधावं. का, ते सांगते. (माझी सगळी शाळा कॉन्व्हेंटमध्ये झाली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला!)

माझ्या मामाने गेल्या वर्षी १९६८ ची फियाट ११०० घेतली. हँडगिअरवाली. २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' ठरते, त्यामुळे मामाची कॉलर एकदम ताठ. स्टिअरिंग तर काय, छोटंसं, लाकडी, चकचकीत. मामा म्हणाला, "तू इंजिनीअर ना? सांग, ओरिजिनल आहे का?" मी थर्ड इयरच्या तोऱ्यात सांगून टाकलं, "हो तर! फिनिशिंग बघ ना."

गॅरेजमधले मिस्त्रीकाका नुसते हसले. म्हणाले, "ताई, आधी हॉर्न कुठे आहे ते बघा."

हॉर्नचं बटण डॅशबोर्डच्या खाली होतं. आणि तेही घराच्या दारावरच्या बेलचं!

हा पहिला पुरावा. स्टिअरिंग गोल फिरतं, म्हणून हॉर्नची वायर त्याला सरळ जोडता येत नाही, ती पिळली जाईल. त्यासाठी आत एक गोल पट्टी आणि तिला घासत राहणारा कॉन्टॅक्ट असतो. दुसऱ्याच गाडीचं चाक बसवलं की हा कॉन्टॅक्ट जुळत नाही, आणि मग बटण बाहेर येतं. या फियाटला मुळात प्लास्टिकचं मोठं चाक आणि हॉर्नची क्रोमची अर्धी रिंग होती.

दुसरा पुरावा म्हणजे व्यास. तेव्हा या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नव्हतं, म्हणून चाक मोठं ठेवत. टॉर्क म्हणजे बल गुणिले त्रिज्या, हे आपण फर्स्ट इयरला घोकलंय. १६ इंचांच्या जागी १२ इंचांचं चाक लावलं, तर तेवढ्याच टॉर्कसाठी हाताला एक तृतीयांश जास्त जोर लावावा लागतो. पार्किंग करताना मामाला घाम का फुटायचा ते तेव्हा कळलं.

तिसरा पुरावा मधल्या बॉसचा, म्हणजे चाक शाफ्टवर जिथे बसतं त्या भागाचा. कंपनीच्या चाकात तिथे आतून दाते असतात. ते शाफ्टच्या दात्यांत बसतात आणि वरून नट. घरगुती कामात जुन्या चाकाचा मधला भाग कापून नव्या चाकाला वेल्ड करतात आणि वर जाड रंग फासतात. रंग जिथे उगाच जाड दिसेल तिथे संशय घ्यावा.

काकांनी नट काढला. खाली वेल्डिंग होतंच. मी तो भाग कॉलेजच्या लॅबमध्ये आणला आणि सरांच्या मदतीने डाय पेनिट्रंट टेस्ट केली. लाल रंग लावला, थांबलो, पुसला, वर पांढरा डेव्हलपर मारला. थोड्याच वेळात वेल्डच्या कडेने लाल रेघ उमटली. जवळजवळ अर्धा गोल! हाताचा सगळा जोर शाफ्टपर्यंत जातो तो याच वेल्डमधून. आणि आदल्याच आठवड्यात मामा, मामी आणि मी त्याच स्टिअरिंगवर खंबाटकी घाटातून वाईला जाऊन आलो होतो. त्या रात्री मेसमध्ये मला जेवण गेलं नाही.

पण विचित्र दिसलं म्हणजे घरगुतीच, असंही नाही हं. फोर्डच्या मॉडेल टी मध्ये (१९०८ ते १९२७) चाकाखाली दोन दांडे असत, डावा स्पार्कचा आणि उजवा ॲक्सिलरेटरचा. चाकाखालच्या डबीत चक्क प्लॅनेटरी गिअर. बघणाऱ्याला वाटेल कुणीतरी जुगाड केलाय, पण ते सगळं कंपनीचं. या गाडीसाठी दुमडणारं चाकही बाजारात मिळायचं, जाड्या माणसांना आत शिरता यावं म्हणून!

आणि घरगुती म्हणजे वाईटच, असंही नाही. त्याच गॅरेजमध्ये एक जुनी जीप होती. तिच्या चाकावर क्लॅम्पने बसवलेली एक बेढब मूठ. मी म्हटलं, "काका, ही काढून टाका ना." ते म्हणाले, "मालकांच्या डाव्या हातात जोर नाही. मूठ काढली तर त्यांची गाडी बंद." मी स्क्रू तपासले, घट्ट होते. मूठ निसटली असती तरी खालचं चाक शाबूत होतं. मामाचं वेल्ड तुटलं असतं, तर हातात नुसतं चाक उरलं असतं.

म्हणून ओरिजिनल की डुप्लिकेट, एवढंच विचारू नका. हाताचा जोर चाकापर्यंत कुठून कुठून जातो, ते शोधा. सुंदर चाक धोक्याचं निघालं आणि बेढब मूठ कामाची.

मामाने आता जुन्या बाजारातून मूळचं चाक शोधून आणलंय. त्याला चिरा आहेत, पण त्या वरच्या प्लास्टिकला. आतली लोखंडी रिंग धड आहे. चिरा आम्ही एपॉक्सीने भरल्या. दिसायला यथातथाच, पण मामी आता निवांत बसते.

जाता जाता एक सांगते. हॉस्टेलच्या पार्किंगमध्येही कापून वेल्ड केलेली बाइकची हँडलं काही कमी नाहीत. ज्याची त्याने ओळखावी. लॅब उघडी आहे!