घाम वेगळा, ताकद वेगळी

जिममध्ये हल्ली दोन तऱ्हेची माणसं दिसतात. एकीकडे आठ-दहा पोरं-पोरी. शिट्टी वाजली की चाळीस सेकंद बैठका, वीस सेकंद दम खायचा, लगेच जोर, मग दोरीवरच्या उड्या, मग हलकी डंबेल. फेरी संपली की पुन्हा पहिल्यापासून. याला सर्किट म्हणतात. दुसऱ्या कोपऱ्यात एखादा गडी खांद्यावर बार घेऊन पाच बैठका मारतो आणि तीन मिनिटं नुसता बसून राहतो. बघणाऱ्याला वाटतं, व्यायाम करतायत ती पोरं. हा वेळ काढतोय. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंत. पण पन्नाशी उलटल्यावर शरीर हा विषय ऑप्शनला टाकता येत नाही. म्हणून थोडं वाचलं, जाणत्यांना विचारलं, आणि त्या बसलेल्या गड्याची बाजू घ्यावीशी वाटली.

सर्किटची पद्धत १९५३ साली इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात मॉर्गन आणि अँडरसन यांनी बसवली. थोडक्या वेळात दम आणि स्नायू दोन्ही कामाला लावायचे, हा हेतू. पुढे १९९६ साली जपानमध्ये इझुमी ताबाता यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. वीस सेकंद जीव तोडून सायकल मारायची, दहा सेकंद थांबायचं, असं सात-आठ वेळा. सहा आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची ताकदही वाढली आणि प्राणवायू कमी पडत असताना नेट लावण्याचीही. जाहिरातींनी यातली ‘चार मिनिटं’ तेवढी उचलली. ते विद्यार्थी तरुण होते, खेळणारे होते आणि शेवटी अक्षरशः गळून जात होते, हे जाहिरातीत नसतं. हसतखेळत होतो तो ताबाता नव्हे.

पण दम वाढणं आणि ताकद वाढणं एक नाही. स्नायूत जाड, झटक्यानं जोर लावणारे तंतू असतात. हलक्या कामाला शरीर त्यांना उठवत नाही. भारी वजन आलं की ते जागे होतात. वय वाढतं तसे आधी झिजतात तेही हेच. सर्किटमध्ये स्नायू थकण्याआधी छाती भरून येते, म्हणून वजन हलकंच ठेवावं लागतं. दमलेल्या माणसानं घाईत जड वजन उचललं तर पाठ धरते. भारी वजनाला लागणारा स्नायूतला झटपट साठा सेकंदांत संपतो आणि पुरता भरायला तीनेक मिनिटं लागतात. तो गडी बसलेला असतो तो यासाठी. वृत्तातली यती रिकामी दिसते, पण तिच्याशिवाय ओळ तोलत नाही, तसंच काहीसं.

वजन बेताबेतानं वाढवत नेण्याची पद्धत १९४० च्या दशकात थॉमस डीलोर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरनं गुडघे दुखावलेल्या सैनिकांसाठी वापरली. म्हणजे तिचं आजचं रूप दवाखान्यातून आलं, आरशासमोरून नव्हे! १९९० साली बोस्टनमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. नव्वदीच्या आसपासच्या दहा वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं. ज्यांनी तो पुरा केला त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, दोघांची काठी सुटली.

आमच्या मशिदीत मागच्या रांगेला खुर्च्या वाढत चालल्या आहेत. सज्द्यातून उठायला मांड्या साथ देत नाहीत. लग्नाच्या पंगतीतही तेच. मांडी घालून बसलेला माणूस उठताना शेजाऱ्याचा खांदा शोधतो. काहींचे गुडघे खरोखर झिजलेले असतात, पण पुष्कळांची नुसती ताकद गेलेली असते. आमच्या आयांनी जातं ओढलं, विहिरीचं पाणी शेंदलं. वजन त्यांच्या दिवसातच होतं. आपण ते मिक्सरला आणि मोटरीला देऊन टाकलं.

तालमीत हा झगडा नव्हताच. शेकड्यांनी बैठका आणि जोर दमासाठी, आणि हौद्यात समोरच्याचं अख्खं वजन उचलायचं ताकदीसाठी. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारसही दोन्हीची आहे: आठवड्याला किमान दीडशे मिनिटं भरभर चालण्यासारखा व्यायाम, किंवा त्याच्या निम्मा वेळ दमछाक करणारा, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीसाठी. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही.

वेळ नसलेल्या तरुणानं सर्किट जरूर करावं. पण पन्नाशीच्या माणसानं मला विचारलं, तर मी म्हणेन, दम चालूनही कमावता येईल. वजनाचे दोन दिवस आधी ठरवा. जिमच हवी असं नाही. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठा, बसा. ते सोपं झालं की पाच किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून उठा. मध्ये दोन-तीन मिनिटं थांबा, आणि दोन दिवसांमध्ये एखादा दिवस मोकळा सोडा. उठताना श्वास कोंडू नका, सोडा; कोंडला की रक्तदाब एकदम चढतो. हृदयाचा त्रास असेल तर पिशवी उचलण्याआधी डॉक्टरांना विचारा.