दारावरचे नाव

परदेशी जाऊन राहिलेल्या मराठी माणसाच्या लेखनात पहिली काही पाने थंडी, स्वच्छता आणि वक्तशीरपणा यांनी भरलेली असतात. ही निरीक्षणे खरी असतात, पण ती आठ दिवसांच्या पाहुण्यालाही करता येतात. राहायला गेलेल्या माणसाची गाठ आधी पडते ती किल्ल्या, टपालपेट्या, अर्ज आणि बेलची बटणे यांच्याशी. पत्नीच्या नोकरीमुळे आम्ही बर्लिनच्या श्योनेबेर्ग भागात राहायला गेलो, तेव्हा माझेही तसेच झाले. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून मी जुनी दप्तरे, गावांची आणि माणसांची नावे यांच्या नादी लागलेला माणूस. त्यामुळे इमारतीच्या दाराशी असलेला बेलचा फलक माझ्या डोक्यातून जाईना.

बर्लिनच्या पत्त्यात साधारणपणे फ्लॅट नंबर नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड आणि शहर, एवढाच पत्ता. जुन्या इमारतींत रस्त्याकडचा भाग, अंगण, अंगणाच्या बाजूचा भाग आणि मागची इमारत असा पसारा असतो. एका क्रमांकाखाली वीस-पंचवीस बिऱ्हाडे सहज नांदतात. मग टपालवाला पत्र नेमके कोणत्या पेटीत टाकतो? आडनाव वाचून. बेलच्या फलकावर आणि टपालपेटीवर तुमचे आडनाव असेल तर पत्र मिळते, नसेल तर ते आल्या वाटेने परत जाते. पोटभाडेकरूने मूळ भाडेकरूचे नाव जोडून द्यायचे, आपण पूर्वी पाकिटावर ‘द्वारा श्री. अमुक’ लिहीत असू तसे. म्हणून तिथे घर बदलणारा माणूस सामान लावण्याआधी पेटीवर नाव चिकटवतो. पितळी पट्टीवर कोरलेली नावे, छापील नावे, वहीच्या कागदावर पेनाने लिहून चिकटपट्टीने डकवलेली नावे, सगळी एकाच फलकावर शेजारी शेजारी असतात.

आपल्याकडेही सोसायटीच्या तळमजल्यावर नावांचा फलक असतो. पण आपले काम त्याच्यावाचून अडत नाही. फ्लॅट नंबर असतो, वॉचमन असतो, नाहीतर कोपऱ्यावरचा वाणी असतो. आपला पत्ता निम्मा कागदावर आणि निम्मा लोकांच्या तोंडी असतो; ‘शाळेमागे, पिठाच्या गिरणीजवळ’ हे आपण छापील पत्त्यातही लिहितो. बर्लिनमध्ये जिन्यात कोणी विचारायला भेटत नाही आणि भेटले तरी शेजाऱ्याची माहिती अनोळखी माणसाला देणे तिथे शिष्टसंमत नाही. त्यामुळे जे आपल्याकडे माणसे सांगतात, ते तिथे दाराला सांगावे लागते.

दार सांगते तेही फक्त आडनाव. जर्मन माणूस फोन उचलला की ‘हॅलो’ऐवजी अनेकदा आपले आडनावच उच्चारतो. शेजारणीला ‘फ्राऊ’ आणि पुढे आडनाव अशी हाक. त्यांच्या भाषेतही आपल्यासारखे ‘तू’ आणि ‘तुम्ही’ आहे, पण ‘तुम्ही’वरून ‘तू’वर यायचे ते रीतसर ठरवून, आणि तो प्रस्ताव मोठ्या माणसाने मांडायचा. आपल्याकडे अनोळखी माणूसही दोन वाक्यांत काका किंवा मावशी होतो. तिसऱ्या मजल्यावर ऐंशीच्या घरातल्या एक बाई एकट्याच राहत. माझी पत्नी घरात बोलताना त्यांना ‘आजी’ म्हणे, जिन्यात मात्र ‘फ्राऊ’ आणि आडनाव. त्या बाईंचे पाळण्यातले नाव आम्हाला वर्षभर ठाऊक नव्हते.

मुल्लर म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा, श्मिट म्हणजे लोहार, श्नायडर म्हणजे शिंपी. आपल्याकडचे सुतार, सोनार, कुलकर्णी, देशपांडे याच जातीचे. पण ‘कर’ लावून गावाचे आडनाव करण्याची आपली चाल मला त्या फलकापुढे वेगळीच जाणवली. माझे आडनाव ‘कर’कारान्त आहे. कोकणातल्या ज्या गावावरून ते आले, तिथे आमचे घर आता उरलेले नाही. गावात नाव नाही, पण बर्लिनमधल्या एका टपालपेटीवर त्या गावाचे नाव चिकटवलेले होते.

दारावर नाव लागल्यावर दुसरे काम सरकारी. नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत स्थानिक कार्यालयात जाऊन राहत्या पत्त्याची नोंद करावी लागते. सध्याचा केंद्रीय कायदा नोव्हेंबर २०१५ पासून लागू आहे. घरमालकाने ‘हा माणूस माझ्या घरात राहतो’ असे लिहून द्यावे लागते. नोंद झाली की काही दिवसांनी अकरा आकडी करक्रमांक टपालाने येतो, अर्थात पेटीवर नाव असेल तर. बँक खाते, पगार, वाचनालय, सगळ्याच्या मुळाशी हा एक कागद. अर्जात धर्मसंस्थेचाही रकाना असतो, कारण चर्चच्या सभासदांकडून प्राप्तिकराच्या नऊ टक्के (दोन राज्यांत आठ टक्के) चर्चकर सरकारच गोळा करते. आपल्या नावासमोर धर्म विचारणारा तो रकाना पाहून मी थोडा थबकलो. का थबकलो, ते मला घराबाहेरच्या फूटपाथने सांगितले.

आमच्या दारासमोर चार पितळी पत्रे जमिनीत बसवलेले होते. तळहाताएवढे. प्रत्येकावर सुरुवात तीच: ‘इथे राहत होता’, ‘इथे राहत होती’. पुढे नाव, जन्माचे साल, घरातून नेल्याची तारीख आणि मारले ते ठिकाण. यांना श्टोल्परश्टाइन म्हणतात, म्हणजे अडखळण्याचा दगड. गुंटर डेमनिग या कलावंताने १९९० च्या दशकात हे काम सुरू केले. नाझींनी ज्यांना नेले, त्यांनी स्वतःच्या मर्जीने निवडलेल्या शेवटच्या घरासमोर एकेक दगड बसवायचा. मे २०२३ मध्ये न्यूरेम्बर्गला एक लाखावा दगड बसला.

१९३३ मध्ये बर्लिनमध्ये सुमारे एक लाख साठ हजार ज्यू राहत होते. श्योनेबेर्गमधल्या ज्या ‘बव्हेरियन वस्ती’त पुढे माझे रोजचे फिरणे होते, तिथे त्यांतले अनेक सुखवस्तू लोक राहत, आइनस्टाइनही तिथलाच रहिवासी. त्यांना शोधून काढायला नाझींना हेर फारसे लागले नाहीत. सगळे लिहिलेलेच होते. जानेवारी १९३८ मध्ये पत्तानोंदणीचा देशभर एकसारखा नियम आला. १९३९ च्या सुरुवातीपासून ज्यूंवर नावात ‘इस्राएल’ किंवा ‘सारा’ हा शब्द जोडण्याची सक्ती झाली. त्याच वर्षी मे महिन्यातल्या जनगणनेत एक जादा कार्ड होते, आजी-आजोबांपैकी कोण ज्यू होते हे विचारणारे. ऑक्टोबर १९४१ पासून गाड्या भरून माणसे नेली जाऊ लागली. १९४२ मध्ये उरलेल्यांना दारावर, नावाच्या पाटीशेजारी, कागदी तारा लावायला सांगितले गेले. टपालवाल्याच्या सोयीची पाटी पोलिसांच्या सोयीची झाली.

याच शहराच्या डाह्लेम भागात, १९२० च्या दशकाच्या अखेरीस, इरावती कर्वे मानववंशशास्त्राच्या संस्थेत कवट्यांच्या असमानतेवर संशोधन करीत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्वाचे पुरस्कर्ते होते. कवटीच्या ठेवणीचा आणि वंशाचा संबंध मोजमापांत दिसत नाही, असा निष्कर्ष इरावतीबाईंनी त्यांच्याच हाताखाली काढला आणि १९३० मध्ये डॉक्टरेट मिळवली. पण शास्त्र नाही म्हणाले तरी रकाने थांबले नाहीत. कवटी जे सांगत नव्हती, ते नोंदवहीतून काढले गेले.

आता उलट बाजू. आज जे स्वयंसेवक दगडांसाठी माहिती जमवतात, तेही याच कागदांकडे जातात: १९३९ ची ती कार्डे, नेलेल्यांच्या याद्या, बर्लिनची जुनी पत्ता-पुस्तके. ज्या यादीने माणूस दारातून नेला, तीच यादी वाचून त्याचे नाव दाराशी परत आणले जाते.

या अनुभवानंतर जर्मनीत नोंदी बंद झाल्या नाहीत. त्यांना कुंपण घातले गेले. १९८३ च्या जनगणनेविरुद्ध मोठा असंतोष उठला. १५ डिसेंबर १९८३ रोजी तिथल्या घटना न्यायालयाने निकाल दिला, की आपली माहिती कोणी कशासाठी वापरायची हे ठरवण्याचा हक्क मुळात त्या व्यक्तीचा आहे. जनगणना १९८७ पर्यंत लांबली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने खासगीपण हा मूलभूत हक्क मानला तो ऑगस्ट २०१७ मध्ये. आपल्याला हा विषय परका नाही. आपल्या आडनावातून गाव कळते तशी जातही कळते, आणि आडनाव ऐकून ‘जागा आधीच दिली’ असे उत्तर मिळालेली माणसे आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. म्हणून कोणताही रकाना भरताना एक प्रश्न विचारायला हवा: आज हे ज्याच्या हाती आहे, त्याच्यानंतर ते कोणाच्या हाती जाणार?

या दगडांवरून जर्मनीतही वाद आहे. म्युनिक शहराने सार्वजनिक जागेत ते बसवू दिलेले नाहीत. मृतांची नावे पायदळी येतात, हा आक्षेप तिथल्या ज्यू समाजाच्या नेत्या शार्लोट क्नोब्लोख यांनी घेतला. कागदाला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या आपल्या मनाला तो लगेच पटतो. पण पंढरपूरला महाद्वारात नामदेवांची पायरी आहे, तीही आपलीच. शिवाय ही बारीक अक्षरे उभ्याने वाचता येत नाहीत. वाचायचे तर वाकावे लागते.

९ नोव्हेंबर ही १९३८ मधल्या ज्यूविरोधी हिंसाचाराची तारीख. त्या सुमारास बर्लिनमध्ये लोक हे दगड घासून उजळतात आणि शेजारी मेणबत्ती लावतात. आमची दिवाळीही त्याच दिवसांत आली होती. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई फडके घेऊन खाली उतरल्या, तेव्हा पत्नीने समईसाठी पुण्याहून आणलेली पितांबरी बाहेर काढली. चारही पत्रे तासाभरात लखलखीत झाले. बाईंनी डबी हातात घेऊन न्याहाळली आणि विचारले, तुमच्याकडे हे कशासाठी वापरतात? देवाच्या भांड्यांसाठी, असे पत्नीने सांगितले. मग त्यांनी चारही नावे मोठ्याने वाचली. सर्वांत लहान मुलगी सात वर्षांची होती.